झोप आणि वजन घटवणे
झोप आणि वजन घटवणे : अपुरी झोप मिळणाऱ्या स्थूल प्रौढांनी झोप वाढवली, तर वजन उतरते का, हा आहारविज्ञानातील प्रश्न. उतरते, पण थोडे. आणि ते ताटातून उतरते. जास्त झोपल्याने चरबी आपोआप वितळते, ही समजूत चुकीची आहे.

शिकागो विद्यापीठाच्या २०२२ मधील प्रयोगात रोज साडेसहा तासांहून कमी झोपणारे, वजन जास्त असलेले ८० तरुण स्त्री-पुरुष होते. निम्म्यांना झोपेच्या सवयींविषयी एकदाच समजावून सांगितले. खाण्याबद्दल अवाक्षरही काढले नाही. दोन आठवड्यांत त्यांची झोप सुमारे १.२ तासांनी वाढली आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत रोजचे खाणे २७० कॅलरींनी घटले. म्हणजे साधारण दोन पाव. ऊर्जेच्या खर्चात मात्र विशेष फरक पडला नाही. पंधरवड्याच्या या निष्कर्षावरून वर्षभराचा हिशेब मांडणे घाईचे ठरेल.

त्याआधी २०१० मध्ये दहाच जणांवर झालेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. तेच बेताचे जेवण घेऊन, साडेआठ तास अंथरुणात असोत की साडेपाच, वजन सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत ०.६; उरलेली घट मुख्यतः स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाची. काटा हे दाखवत नाही.

जागरणाने भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक चढते, तृप्ती देणारे लेप्टिन उतरते, आणि मन गोड-खारटाकडे धावते. पणजीत हॉटेलची पाळी संपवून रात्री गाड्यापाशी थांबलेल्याला हे सांगावे लागत नाही : ऑम्लेटवर शागुतीचा गरम रोस, म्हणजे रस्सा, वर कांदा, लिंबू, आणि एक पाव खाऊन झाला की हात दुसऱ्याकडे जातोच. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले, म्हणून इथे हा विषय हलका नाही. जत्रेतल्या नाटकाची एक रात्र जागून काढल्याने काही बिघडत नाही. रोजची जागरणे नडतात.

जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाने आधी डॉक्टरांना दाखवावे. श्वासाच्या यंत्राने झोप सुधारते, पण तेवढ्याने वजन उतरत नाही. उलट वजन उतरवले की श्वास अडकणे कमी होते. दुपारी दुकान बंद करून घेतलेली वीस मिनिटांची वामकुक्षी थकवा घालवते. तीच दोन तास लांबली, की रात्री लवकर डोळा लागत नाही.