आपातु

आपातु (아파트) हा इंग्रजी ‘अपार्टमेंट’वरून आलेला कोरियन शब्द. इटालियन ‘अप्पार्तामेंतो’ म्हणजे वेगळा काढलेला भाग. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. कोरियात मात्र तो थेट इंग्रजीतून नव्हे, जपानीतून पोचला. जपान्यांनी लांबलचक शब्दाचे शेपूट छाटून ‘आपाऽतो’ केले आणि कोरियावरील जपानी राजवटीच्या काळात (१९१०–४५) हे आखूड रूप कोरियनमध्ये रुजले. कोरियनमध्ये स्वराचा दीर्घपणा गळाला. इंग्रजी ‘प’, ‘ट’साठी या भाषेत महाप्राण अक्षरे वापरतात, म्हणून प्रत्यक्ष उच्चारात दोन्ही व्यंजनांवर श्वासाचा झोत असतो. शेवटचा ‘उ’ ओठ न गोलावता काढायचा. मराठीत त्याला जोड नाही.

उच्चारापेक्षा अर्थाचा प्रवास अधिक लक्षणीय आहे. अमेरिकेत ‘अपार्टमेंट’ म्हणजे बहुधा भाड्याचे एक घर, तर जपानी ‘आपाऽतो’ म्हणजे साधी, बहुधा दोन मजली भाड्याची इमारत. तिथल्या पक्क्या उंच इमारतींना ‘मान्शोन’ म्हणतात. कोरियन आपातु हा उंच इमारतींतल्या, बहुधा मालकीच्या घरांचा प्रकार झाला. कायद्यानेही तो बांधून घेतला आहे: निवासाचे पाच किंवा अधिक मजले असतील तरच आपातु. त्याहून बुटक्या इमारतींना लोक ‘बिल्ला’ म्हणतात. हा शब्द ‘व्हिला’वरून आला असला तरी त्यात बंगल्याचा थाट नाही.

शब्दाला ही प्रतिष्ठा सहज मिळाली नाही. सोलमध्ये १९५८ साली जोंगआम आपातु उभे राहिले. घरातच फ्लशचे संडास ही तेव्हा नवलाई होती. १९६२ पासून मापो येथे सरकारी गृहनिर्माण महामंडळाने सहा मजली इमारतींची पहिली मोठी वसाहत वसवली. पण ८ एप्रिल १९७० रोजी शहरातलीच वाउ आपातुची एक इमारत बांधून जेमतेम काही महिने झाले असताना कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. निकृष्ट बांधकामाचा तो बळी होता. ‘आपातु’ शब्दाला त्या काळी भीतीची किनार लागली, ती यामुळेच. सत्तरच्या दशकात हान नदीच्या दक्षिणेला, गांगनाममध्ये, मध्यमवर्गासाठी प्रशस्त वसाहती उभ्या राहिल्या आणि हवा पालटली. १९८९ नंतर बुंदांग, इल्सान अशी नवी शहरे मुख्यतः अशाच इमारतींची वसली. आज दक्षिण कोरियातील निम्म्याहून अधिक घरे याच प्रकारची आहेत.

मुंबई-पुण्यात ‘अपार्टमेंट’ बहुधा इमारतीच्या पाटीवरच राहिले. रोजच्या बोलण्यातली जागा ‘फ्लॅट’ने घेतली. कोरियनमध्ये घर, इमारत, वसाहत या तिन्हींसाठी आपातु हा एकच शब्द चालतो.