गाठीपर्यंत पोचूनही टी पेशी हतबल का होतात?

कर्करोगाच्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात बरेचदा टी पेशी, म्हणजे रोगट पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, दिसतात. म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेला गाठीचा सुगावा लागलेला असतो, मारक पेशी आत शिरलेल्या असतात, आणि तरीही गाठ वाढतच जाते. या पेशी जिवंत असतात, पण थकलेल्या.

ताज्या दमाची टी पेशी काय करते ते आधी पाहू. रोगट पेशीवर ओळखीचा प्रथिनाचा तुकडा दिसला की ती तिला चिकटते. तिच्या पोटातल्या विषारी कणांच्या पिशव्या सरकत सरकत नेमक्या त्या चिकटलेल्या जागी येऊन रित्या होतात. त्यांतलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रान्झाइम हे दुसरं प्रथिन आत घुसून त्या पेशीला स्वतःचाच नाश करायला लावतं. मग टी पेशी सुटते आणि पुढचं सावज शोधते. फ्लूसारख्या आजारात हे काम काही दिवसांत उरकतं. गाठीत ते उरकतच नाही. तोच संकेत महिनोन्‌महिने मिळत राहतो.

थकव्याचा हा प्रकार १९९०च्या दशकात उंदरांमधल्या चिवट विषाणूसंसर्गात लक्षात आला. इतर पेशींना संदेश देणारी प्रथिनं बनवण्याची पेशीची ताकद टप्प्याटप्प्याने जाते: आधी इंटरल्युकिन-२, मग टीएनएफ, बरंच नंतर इंटरफेरॉन-गॅमा. उलट तिच्या अंगावर पीडी-१ सारखे ब्रेक, म्हणजे तिचं काम थोपवणारी प्रथिनं, वाढत जातात. पीडी-१ क्योटोत तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधलं. हा ब्रेक दाबणारं पीडी-एल१ हे प्रथिन अनेक गाठींच्या पेशी स्वतःच मिरवतात. त्यात गाठीच्या आत ऑक्सिजन कमी, ग्लुकोज कर्कपेशींनी फस्त केलेलं आणि लॅक्टिक आम्ल साचलेलं. अशा ठिकाणी टी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाही ढेपाळतात.

पण थकव्याला निव्वळ बिघाड म्हणणं मला पटत नाही. पीडी-एल१ नसलेल्या उंदरांना तोच चिवट विषाणू दिला, तेव्हा त्यांच्याच टी पेशींनी अवयवांची इतकी हानी केली की उंदीर दगावले. टॉक्स या प्रथिनाची गोष्टही बोलकी आहे. ते थकव्याची सूत्रं हलवतं, हे २०१९ मध्ये स्पष्ट झालं. मग ते काढून टाकलं तर पेशी तरतरीत व्हायला हव्यात ना? तसं झालं नाही. त्या तगल्याच नाहीत. म्हणजे न संपणाऱ्या झुंजीत पेशीने जीव धरून राहावं, यासाठीच ही तडजोड आहे. गाठ नेमका तिचाच फायदा उठवते.

हैदराबादेत जन्मलेले रफी अहमद यांच्या अमेरिकेतल्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की हा ब्रेक प्रतिपिंडाने अडवला तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. २०१४ मध्ये पीडी-१ विरोधी औषधं बाजारात आली, आणि २०१८ चं नोबेल होंजो व अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम केलेले जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळालं. तरी बऱ्याच रुग्णांना या औषधांचा गुण येत नाही. एक कारण असं, की जाग्या होतात त्या मुख्यतः टीसीएफ-१ प्रथिन असलेल्या, अजून पुरत्या न थकलेल्या राखीव पेशी. पार थकलेल्यांच्या डीएनएची घडीच बदललेली असते, आणि ब्रेक काढल्याने ती पूर्ववत होत नाही. त्यामुळे गाठीत या राखीव पेशी किती उरल्यात, यावर बरंच काही ठरतं.

दुसरी अडचण पैशांची, आणि आपल्याकडे तीच आधी आडवी येते. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं काम मला फार मोलाचं वाटतं. डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात तिथल्या डॉक्टरांनी तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब हे पीडी-१ विरोधी औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. एरवीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १५१ रुग्ण होते. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅबची जोड मिळालेल्या गटात ४३.४ टक्के.