काळ्या रानात भिंतीला तडा का जातो

मलप्रभा नदी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिथली जमीन जांभ्याची. घराचा चिरा तिथेच निघतो आणि पायाही त्याच्यावरच बसतो. तीच नदी पूर्वेला सौंदत्तीकडे उतरते तेव्हा शिवार काळेभोर झालेले असते. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते. अथणी, रायबाग, गोकाककडच्या काळ्या रानात एकमजली घरांना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे जातात आणि सगळा दोष गवंड्याच्या माथी येतो. सिमेंट कमी घातले असणार, असे म्हणून विषय मिटतो. पुष्कळदा हा त्याच्यावर अन्याय असतो.

दोन्ही मातींत फरक पाडला तो पावसाने. सह्याद्रीच्या धारेवर तो इतका पडतो की खडकातले विरघळणारे सगळे धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. पूर्वेला पाऊस कमी. तिथे बेसाल्ट कुजून मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज तयार झाले. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते.

जमीन आणि इमारत यांचा एकत्र विचार करायला अभियंत्यांना बराच काळ लागला. एमिल विंकलरने १८६७ मध्ये जमिनीला सुट्या स्प्रिंगांची रांग मानले. हिशेबाला सोपे, पण त्यात पाण्याला जागाच नव्हती. ती कार्ल टेर्झाघीने दिली. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना हाताशी मिळेल त्या सामानातून त्याने उपकरणे जुळवली, गोल कड्यात चिकणमाती दाबली आणि तिच्यातून पाणी किती सावकाश निघते ते मोजले. १९२५ मध्ये व्हिएन्नात त्याचा ग्रंथ निघाला आणि मृदा यांत्रिकी हे शास्त्र उभे राहिले.

पण टेर्झाघीपुढचा मोठा प्रश्न इमारत खचण्याचा होता. आपल्याकडे ती उचलली जाते, तीही सगळीकडे सारखी नाही. घराच्या मध्याखालची माती ओल धरून राहते, कडेची दर उन्हाळ्यात सुकते. शिवाय घर जितके हलके तितके ते जास्त उचलले जाते. तीन मजल्यांचे ओझे मातीला दाबून धरू शकते, दोन खोल्यांच्या घराला ते जमत नाही. गरिबाच्या घरालाच जास्त तडे जातात, त्यामागे हेही एक कारण आहे.

याचे एक उत्तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने शोधले. साधारण ३.५ मीटर खोल, तळाशी कंदासारखा फुगीर असा पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेला पायाचा खांब. ऋतूंनुसार ओल बदलते त्या थराच्या खाली तो घट्ट रुततो.

दुसरे उत्तर मुंबई आयआयटीतून आले आणि मला ते अधिक जवळचे वाटते. प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीचे मोठे नमुने प्रयोगशाळेत भिजवून पाहिले. वरची माती फुगली, पण सुमारे १ मीटरखालची जवळजवळ हललीच नाही. फुगण्याचा दाब वरच्या मातीच्या वजनाहून कितीतरी जास्त, तरीही. म्हणजे तिला धरून ठेवणारे नुसते वजन नव्हते. वरच्या थरातला चिकटपणा, म्हणजे कणांची आपसातली पकड, हे काम करत होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग वरची काळी माती काढून तिथे चिकट पण न फुगणारी माती ठोकून बसवायची, अशी ही पद्धत. मलप्रभेच्या कालव्यांवर ती वापरली गेली. कालव्यांच्या अस्तरासाठीच्या भारतीय मानकातही तिला जागा मिळाली.

आपल्याकडे जोत्याखाली मुरूम भरतातच. योग्य मुरूम दाबून बसवला तर तो याच कामाचा. वाळू भरली तर मात्र तिच्यात पकड नसते आणि पाणी थेट खाली जाते.

आज परदेशी प्रयोगशाळांत पाया आणि माती यांची छोटी प्रतिकृती सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. वजन १०० पट झाले की १०० पट लहान प्रतिकृतीत खऱ्या इमारतीएवढाच ताण येतो, आणि माती दबून पाणी निघण्याची २७ वर्षांची चाल एका दिवसात दिसते.

आपली माती किती फुगते हे पाहायला घर बांधणाऱ्याला एवढे लागत नाही. बारीक चाळलेली सुकी माती १०-१० ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकतात, एकात रॉकेल, दुसऱ्यात शुद्ध पाणी. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतल्या मातीच्या उंचीतला फरक पाहायचा; तो जितका मोठा, तितकी माती जास्त फुगणारी. मात्र नमुना वरच्या ढेकळाचा नको, पाया जिथे बसणार त्या खोलीवरचा घ्यावा.