डॉक्सोरुबिसिनचे हृदयावरील दुष्परिणाम : मुक्त मूलकांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

इटलीतील आपुलिया प्रांतात, कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९६०च्या दशकात प्रथम डॉनोरुबिसिन आणि पाठोपाठ डॉक्सोरुबिसिन ही कर्करोगावरील औषधे मिळाली. डॉक्सोरुबिसिन लालभडक असते. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते आणि आधी कल्पना दिलेली नसेल तर रुग्ण घाबरून जातो. हा रंग रेणूतील ज्या क्विनोनयुक्त (इलेक्ट्रॉन सहज घेणाऱ्या-देणाऱ्या रचनेच्या) कड्यांमुळे येतो, तीच कडी पुढे मुक्त मूलकांच्या, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनमुळे अतिक्रियाशील झालेल्या फ्री रॅडिकल्सच्या, संशोधनाच्या केंद्रस्थानी आली.

औषध गुणकारी होते, पण एकूण मात्रा वाढत गेली की काही रुग्णांचे हृदय निकामी होऊ लागले, म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण ५५० मिलिग्रॅमच्या आसपास मर्यादा मानली गेली. हृदयच का, याचे उत्तर शरीराच्या स्वतःच्या रसायनांत शोधावे लागले. पेशीतील रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन तो औषधाला देते, औषध तो ऑक्सिजनला देऊन पूर्ववत होते आणि हे चक्र पुन्हा सुरू होते, हे १९७०च्या दशकात स्पष्ट झाले. म्हणजे औषधाचा एकच रेणू अनेकदा सुपरऑक्साइड, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन, निर्माण करू शकतो. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि पेशीतले लोह त्याच्या संपर्कात आले की अतिशय विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक तयार होते.

या साखळीला आवर घालणारी रसायनेही शरीरातच असतात. सुपरऑक्साइडचा निचरा करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज हे विकर आणि ग्लुटाथायोन हा रेणू हे पुढचे पहारेकरी. उंदरांच्या हृदयात यकृताच्या तुलनेत कॅटालेज फारच कमी असते आणि डॉक्सोरुबिसिनमुळे तेथील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे ग्लुटाथायोन वापरून पेरॉक्साइड मोडणारे विकरही घटते, असे १९८० मध्ये दिसले. माझ्या मते या विषयातला हाच सर्वांत बोलका पुरावा आहे.

ई जीवनसत्त्वाने उंदरांमध्ये आशा दाखवली. माणसांत तसे संरक्षण मिळाले नाही. पेशीत गेल्यावर लोहाला धरून ठेवणारे डेक्सराझॉक्सेन मात्र उपयोगी ठरले आणि १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याचे यश हा लोह-सिद्धान्ताचा, म्हणजे लोहातून बनणारी मूलके हृदयाची हानी करतात या मताचा, दाखला मानला जात असे. परंतु हृदयपेशींतील टोपोआयसोमरेज टू-बीटा हे डीएनएचा पीळ सोडवणारे विकर काढून टाकल्यास उंदरांचे हृदय बचावते, असे २०१२ मध्ये आढळले, आणि डेक्सराझॉक्सेन त्या विकराचेही प्रमाण घटवते, त्यामुळे त्या दाखल्याचा अर्थ आज नव्याने तपासला जात आहे.