आधी कीड की आधी तहान?

जर्मनीच्या मध्यावर हार्त्झ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. चांदी-शिशाच्या खाणींसाठी तो शतकानुशतके ओळखला गेला. खाणींना आधाराचे खांब लागत, भट्ट्यांना कोळसा लागे. म्हणून डोंगरच्या डोंगर स्प्रूस या एकाच सरळसोट, लवकर वाढणाऱ्या झाडाने भरून गेले. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात ही जंगले उभ्या-उभ्या वाळू लागली, तेव्हा त्या रोगाला नाव पडले ‘वुर्मट्रॉक्निस’, म्हणजे ‘किडीने वाळणे’. नाव नेमके आहे: कीडही आली, सुकणेही आले. आधी काय आले, एवढेच ते सांगत नाही.

त्यावरून तेव्हाच दोन तट पडले. एक म्हणे, धडधाकट झाडाला कीड मारते. दुसरा म्हणे, झाड आधीच खंगलेले असते, कीड नुसती मढ्यावर येते. गटिंगेन विद्यापीठातले योहान फ्रीडरिश ग्मेलिन यांनी १७८७ मध्ये या रोगावर एक प्रबंधच लिहिला. वाद मात्र मिटला नाही. पुढची सव्वादोनशे वर्षे तो वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या झाडांवरून चालू राहिला. उष्णता आणि दुष्काळ सूचिपर्णी झाडांचे काय करतात याविषयी आज जे कळते, ते बरेचसे या भांडणातूनच हाती आले आहे.

त्यातला आरोपी पाच मिलिमीटरच्या आसपासचा, तपकिरी-काळा भुंगेरा. साल उचकटली की आतल्या बाजूला त्याने कोरलेली नक्षी दिसते: मधे एक उभी वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना अळ्यांनी पाडलेल्या बारीक वाटा. छापलेल्या पानासारखीच. जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याच्या नावात ‘टायपोग्राफस’ घातले, आणि जर्मन लोक आजही त्याला ‘पुस्तक छापणारा’ म्हणतात.

फिर्यादीच्या बाजूने झाडाकडे एकच मोठे हत्यार असते, राळ. डिंक आणि राळ यांत आपली गल्लत होते, कारण दोन्ही खोडातून पाझरतात आणि दोन्ही चिकट. पण बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. तिला टर्पेंटाइन लागते, जे मुळात राळेतूनच काढतात. पाइन-स्प्रूसच्या खोडात या राळेच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांत ती दाबाखाली भरलेली असते. भुंगेऱ्याने साल पोखरली की नळी फुटते, राळ उसळते आणि किडा तिच्यात बुडतो किंवा बाहेर ढकलला जातो. झाडाची दुसरी फळी सावकाश कामाला लागते. जखमेभोवतीचा भाग झाड स्वतःच मारून टाकते, तिथे विषारी रसायने ओतते, नव्या नळ्या घडवते. हे सगळे फुकट होत नाही. राळेत कर्ब लागतो, दाबाला पाणी लागते.

पाण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष जायला वेळ लागला. अमेरिकेत वनकीटकशास्त्राचा पाया घालणारे हॉपकिन्स यांचे लक्ष शत्रूवर होते. वेस्ट व्हर्जिनियातल्या पाइनवर साथ आली तेव्हा, १८९२ मध्ये, त्यांनी भुंगेरे खाणारे दुसरे भुंगेरे थेट जर्मनीतून आणवले. त्यांच्यानंतर त्या कामाची धुरा घेतलेल्या क्रेगहेड यांनी १९२५ मध्ये किड्यांऐवजी पर्जन्यमापकाचे आकडे पुढे ठेवले आणि भुंगेऱ्यांच्या साथींचे नाते पावसाच्या तुटीशी जोडले. नाते दिसले, पण झाडाच्या आत काय घडते ते कळले नाही.

ते दाखवणारे काम १९६१ मधले. व्हिटे या संशोधकाने पॉन्डेरोसा पाइनच्या खोडातला राळेचा दाब मोजला, टायरमधली हवा मोजावी तसा. दाब पाण्यावर चालतो असे दिसले. नळीला अस्तर असलेल्या पेशी पाण्याने टरारलेल्या असल्या तर राळ दाबून राहते, त्या सैलावल्या की दाब उतरतो. पहाटे तो जास्त, भर दुपारी कमी. मुळांना पाणी तुटले की दाब खाली राहतो, आणि अशा झाडापुढे भुंगेऱ्याचे फावते. दुसऱ्या तटाच्या हाती प्रथमच मोजमाप आले.

पण दुष्काळ म्हणजे राळ कमी, इतके ते सरळ नव्हते. थोड्या कोरड्या वर्षी काही पाइनमधून राळ उलट जास्त वाहायची. १९८६ मध्ये लोरिओ यांनी याचा जो उलगडा सुचवला, तो विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला समजावून सांगावा लागणार नाही. बहार धरायचा तर बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. वाढ थांबते, पानांचे काम मात्र चालू राहते, झाडात अन्न साठते आणि ते फुलांकडे वळते. पाइनचेही तसेच. पाणी जरा तुटले की आधी वाढ थांबते, प्रकाशसंश्लेषण नंतर. मधल्या काळात उरलेला कर्ब राळेला मिळतो. ताण फार वाढला की तेही थांबते आणि मग राळही आटते. ताण किती दिवस द्यायचा, हे चुकले तर बाग जाते. जंगलात हा हिशेब ठेवायला कोणी नसते.

मधल्या काळात किड्याच्या बाजूनेही एक शोध लागला होता. कॅलिफोर्नियात सिल्व्हरस्टीन, रॉडिन आणि वुड यांनी १९६६ मध्ये पाइनच्या भुंगेऱ्याचा बोलावणे धाडणारा गंध ओळखला. त्याच्यात तीन रसायने होती. त्यांपैकी एक रसायन भुंगेरा राळेतल्या पायनीन या घटकापासूनच बनवतो, हे पुढे स्पष्ट झाले. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. या जातीत नर आधी साल पोखरतो, राळेतून वाचला तर तिचाच गंध करून इतरांना हाक देतो, आणि शेकडोंनी एकदम हल्ला झाला की नळ्या रित्या होतात. म्हणून प्रश्न असतो तो पहिल्या काही किड्यांना झाड बुडवू शकते का, हा.

आतापर्यंत सगळी चर्चा पावसाची होती. उष्णता वेगळी मोजायला भाग पाडले ते न्यू मेक्सिकोने. २००० नंतरच्या दुष्काळात अमेरिकेच्या नैर्ऋत्येला पिन्यन नावाचे बुटके पाइन अफाट संख्येने मेले. ब्रेशिअर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले की, त्यांच्या बारकाईने अभ्यासलेल्या जागी जमिनीतला ओलावा १५ महिने तळाशी गेल्यावर ९० टक्क्यांहून जास्त पिन्यन मेले. बहुतेकांच्या सालीत भुंगेरे होतेच. बोचणारी गोष्ट दुसरीच होती. १९५० च्या दशकातला दुष्काळ याहून कोरडा होता. हा मात्र जास्त गरम होता.

गरम हवेलाच तहान लागते. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते ती पानांतून ओढते. पिन्यन पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे लवकर मिटून घेतो. शेजारचा ज्युनिपर ती बराच काळ उघडी ठेवून तग धरतो. रंध्रे मिटली की पाणी वाचते, पण कर्बवायूही आत येत नाही. स्वयंपाकघर बंद, आणि उष्णतेमुळे श्वसन वाढलेले, म्हणजे खाणारी तोंडे जास्त. दुष्काळात तेरावा महिना. जलवाहिन्यांत हवा शिरून झाड मरते की साठा संपून उपासमारीने, हा प्रश्न मॅकडॉवेल आणि इतरांनी २००८ मध्ये नीट मांडला. त्यांच्या मांडणीत कीड हा तिसरा हात, जो दोन्ही वाटांवर झाडाला गाठतो.

पुढच्या वर्षी ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी उष्णतेचा वाटा वेगळा काढला. ॲरिझोनात ‘बायोस्फिअर २’ नावाची प्रचंड काचेची वास्तू आहे, जिच्यात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे बंद राहिली होती. तिथे पिन्यन लावून त्यांचे पाणी तोडले. काही झाडे नेहमीच्या तापमानात, काही सुमारे ४ अंश जास्त तापमानात. गरम खोलीतली झाडे २८ टक्के कमी वेळात मेली. तिथे भुंगेरे नव्हते. जंगलात असतात, आणि तिथे ऊब त्यांनाही मिळते: पिढी लवकर पुरी होते, हिवाळ्यात मरणारे कमी होतात. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात भुंगेऱ्यांनी मारलेल्या पॉन्डेरोसा पाइनवर २०२२ मध्ये एक अभ्यास आला. तापमानवाढीने ही मर सुमारे ३० टक्क्यांनी वाढवली, असा त्याचा हिशेब आहे.

मला यातले सर्वांत आवडते काम २०१० चे, केन आणि कोल्ब यांचे. राळेच्या नळ्या लाकडात, वर्षागणिक पडणाऱ्या कड्यांत टिकून राहतात, म्हणजे झाडाने कोणत्या वर्षी संरक्षणावर किती खर्च केला याची वहीच. उत्तर ॲरिझोनात साथीत मेलेले पॉन्डेरोसा आणि त्यांच्या आसपास वाचलेले पॉन्डेरोसा यांच्या वह्या त्यांनी पडताळल्या. नळ्यांचा ऐवज वाचलेल्यांकडे जास्त होता. तेव्हा निकाल बऱ्याच अंशी साथ येण्याआधीच्या वर्षांत लागलेला असतो.

युरोपात मूळ खटला अजून उभाच होता. २०१८ पासूनच्या कोरड्या, तापलेल्या उन्हाळ्यांनी तो पुन्हा पेटवला. उपग्रहांच्या नोंदींनुसार जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीने सुमारे ५ लाख हेक्टर वनाच्छादन गमावले. त्यात स्प्रूस सर्वाधिक, आणि हार्त्झ पुन्हा अग्रभागी. दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या तोडीनंतरही तिथे स्प्रूसच लावले होते, ज्याची मुळे वरवर पसरतात. वरची माती आधी वाळते.

याच्या काही वर्षे आधी ऑस्ट्रियातल्या रोझालिया इथे नेथरर आणि सहकाऱ्यांनी हा वाद थेट झाडांवरच तपासला होता. १८ स्प्रूस निवडले. काहींच्या बुंध्याभोवती पाऊस पूर्ण अडवणारे छप्पर घातले, काहींभोवती अर्धे, काही मोकळे ठेवले. मग खोडाला पेट्या बसवून त्यांत भुंगेरे सोडले. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की, झाडाची तहान जसजशी वाढली आणि राळ कमी झाली, तसतशी त्याची झुंज दुबळी झाली. छपराचा प्रकार तितका निर्णायक ठरला नाही. त्या त्या झाडाची त्या त्या वेळची अवस्था ठरली. मात्र ज्या झाडांचा ताण पहाटेही उतरत नव्हता, जी पार सुकत चालली होती, त्यांत शिरायला भुंगेरेच फारसे राजी नव्हते.