आईला अल्झायमर झालाय, मग कागदपत्रं कुठून सुरू करायची? (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

आधीच सांगते, 'अल्झायमर पेशंटच्या घरच्यांसाठी मदत' असा एकच फॉर्म असेल म्हणून मी दोन-तीन महिने शोधत बसले होते आणि मला तरी तो सापडला नाही. जे मिळतं ते पेशंटच्या नावावर मिळतं, कधी वयावर तर कधी दिव्यांग दाखल्यावर, आणि सगळं येऊन अडतं एका कागदावर, तो म्हणजे न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्टने लेटरहेडवर रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्क्यासकट लिहिलेलं निदान. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी नुसतं 'वयोमानानुसार विसरभोळेपणा' लिहून दिलं होतं, त्या कागदावर कुठे काही होत नाही, परत जाऊन नीट आजाराचं नाव लिहून घ्या.

आता यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं कार्ड. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) वेगळा दिसत नाही म्हणून बरेच जण तिथेच सोडून देतात, पण 'मानसिक आजार' याच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि दिशाभान दोन्ही येतं. हा प्रकार निवडताना आमच्या मावशीने घर डोक्यावर घेतलं, "माझ्या बहिणीला वेडी ठरवताय का गं?" शेवटी तिला म्हटलं, मावशी, तो नुसता रकाना आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, सही नाहीतर अंगठा, सोबत निदानाचा कागद आणि एमआरआय रिपोर्ट ठेवायचा. हॉस्पिटल राहत्या जिल्ह्यातलं निवडायचं किंवा जिथे ट्रीटमेंट चालू आहे ते. इथे एक लक्षात घ्या, कळवा, डोंबिवली, वाशी, नेरूळ, ऐरोली हे सगळं ठाणे जिल्ह्यात येतं पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, नवी मुंबई म्हणून सगळे ठाणे टाकतात.

खरी गंमत तपासणीच्या दिवशी होते. आई त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, वेणी घालून बसली आणि डॉक्टरांशी इतकं छान बोलली की मलाच वाटलं आपण खोटं बोलतोय की काय! ज्येष्ठ माणसं परक्यांपुढे असं सावरून घेतात. तिथे मोजतात ते स्वतःचं आवरणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, त्यामुळे आधीचे पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा, की गॅस चालू राहिला, आंघोळ झाली म्हणून सांगितलं पण टॉवेल कोरडा होता, ब्लाउज उलटा घातला. मी ही वही दुसऱ्या वेळी नेली, पहिल्या वेळी नुसतीच हात हलवत गेले होते आणि तशीच परत आले. दिव्यांगत्व ४०% आणि वर आलं तरच बहुतेक सवलती लागू होतात.

तोच ४०% चा आकडा इन्कम टॅक्सला पण चालतो. सगळे ज्याला ८०डीडीबी म्हणतात त्या वजावटीच्या यादीत डिमेन्शिया नाव घेऊन आहे, पेशंट ६० च्या वर असेल तर झालेल्या उपचारखर्चावर जास्तीत जास्त १ लाख, खाली असेल तर ४० हजार. मेडिक्लेममधून परत मिळालेले पैसे त्यातून वजा होतात. फक्त जुन्या रेजिममध्ये मिळते, पेशंट तुमच्यावर अवलंबून असावा लागतो (वडिलांची स्वतःची चांगली पेन्शन असेल तर सीएला आधी विचारा) आणि न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

७० च्या वर वय असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढून टाका, उत्पन्नाची अट नाही, आधारवर होतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ते अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी, घरी ठेवलेल्या आयाबाईचा पगार त्यातून निघत नाही, आणि खरा खर्च तर तोच असतो. निरामय या दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विम्याचे मेसेज फिरतात, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, त्याच्या मागे लागू नका.

सगळ्यात घाईचं काम बँकेचं. 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली आहे ना' म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण माणसाला समजेनासं झालं की आपल्याकडची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी कायद्याने संपते, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच. त्यामुळे सही करताना समजतंय तोपर्यंत खातं जॉइंट करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं लिहून घ्या, नॉमिनी टाका, मृत्युपत्र करायचं तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. उशीर झाला तर पालकत्वासाठी कोर्टात जावं लागतं आणि वकिलाची फी तुम्हाला माहीतच आहे. आमच्या आईने फॉर्मवर सही करताना पेन थांबवून विचारलं, "अजून माझ्या नावावर काही आहे का गं?" मी म्हटलं, आहे ना, सगळं तुझंच आहे, आणि तिने पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं, आणि ७० च्या वरच्यांना घरपोच सेवा बँकेकडे मागता येते.

बाकी बोलायला कोणी हवं असेल तर एआरडीएसआयचा मुंबई चॅप्टर आहे, हे लोक याच आजाराचं काम करतात. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. आणि टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पेशंटसाठीच नाही तर आपल्यासाठी पण लावता येतो. रात्री दोन वाजता आई पिशवी भरून गिरगावला माहेरी निघाली होती तेव्हा मी तोच लावला होता.