जर्मनीत जन्मलं म्हणजे जर्मन झालं?

‘मूल युरोपात जन्मलं की तिथलं नागरिकत्व आपोआप मिळतं’, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं नाही. जर्मनीचंच पाहा. 1913च्या कायद्याने नागरिकत्व वंशावर, म्हणजे पालकांच्या नागरिकत्वावर, बेतलं. त्यामुळे कामासाठी आलेल्या तुर्की कुटुंबांची मुलं तिथेच जन्मली, शिकली, तरी कायद्याने बहुतेक परकीच राहिली. मला हे फार अन्यायाचं वाटतं. 1 जानेवारी 2000 पासून जन्मस्थानही धरलं जाऊ लागलं, पण अटीवर: आई किंवा वडील ठरावीक वर्षं (आधी 8, आता 5) तिथे कायदेशीर राहिलेले हवेत, शिवाय कायम वास्तव्याचा हक्कही हवा. आयर्लंडमध्येही 2005 पासून सरसकट हक्क उरला नाही.

पडताळायचं असेल तर जर्मन नागरिकत्व कायद्याचं कलम 4 वाचा. जन्मदाखल्यावर विसंबू नका, तो फक्त जन्म नोंदवतो.